मीनूचं पाचवं बटण

आईला उधन्याहून ज्योत्स्नाचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. मामी इथल्या गुजराती लोकांसारखा डाळीत गूळ घालते, पण मी पोटभर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत? धाकटी मीनू मला शोधते का?

काल कॉलेजात मॅडमनी शिकवलं, की ज्या मुलांना शिकायला वेळ लागतो, त्यांना शेवटची पायरी आधी शिकवावी. बाकीचं आपण करायचं, म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद रोज मुलाला मिळतो.

माझं पेनच थांबलं. तू मीनूच्या शर्टाची चार बटणं लावून पाचवं तिला ठेवायचीस आणि ‘आज मीनूने शर्ट घातला’ म्हणून गल्लीभर सांगायचीस. मी चिडायचे, की चार तर तूच लावलीस. दोन वर्षांनी ती पाचही लावायला लागली, तरी मला उमगलं नाही.

आई, तुझी शाळा तिसरीतच सुटली. हे तुला कुणी शिकवलं?

इंग्रजी पुस्तकं जड जातात, हे तुला कळवलं नव्हतं. आता तेवढी भीती वाटत नाही.

मला प्रवेश मिळाला तेव्हाही ‘ज्योत्स्नाने करून दाखवलं’ म्हणून तू गल्लीभर पेढे वाटलेस. माझी आधीची चार बटणं तू कधी लावलीस, ते आठवत बसले आहे.

तुझीच,
ज्योत्स्ना