लाल अंड्यावरचे डोळे

आई, तू गेलीस तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आता चोविसावं चालू आहे, आणि मी पुन्हा पेणला त्याच गणपतीच्या कारखान्यात बसतो, तू बसायचीस त्याच खिडकीखाली. अंगाचा रंग मी देतो, पितांबर रंगवतो, सोंडेवरची नक्षीही करतो. डोळे काढत नाही. शेठ दिवसातून एकदा तरी येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "तुझ्या आईची डोळ्यांची आखणी बघून लोकं मूर्ती बुक करायची रे. तुझा हात तर तिच्यापेक्षा बारीक. मग बसतोस काय नुसता पितांबर रंगवत?" मी सांगतो, हात थरथरतो. हात थरथरत नाही, आई. तुझा सगळ्यात बारीक ब्रश अजून माझ्याकडेच आहे. गेल्या वर्षी त्याच ब्रशनं मी एका अंड्यावर डोळे काढले, आणि त्याचं जे झालं ते तुलाच सांगायला हवं, कारण तू मला एकदा याच गोष्टीसाठी मारलं होतंस.

तुला आठवत असेल. मी सात वर्षांचा असेन. कारखान्याच्या मागं फुटक्या शाडूचा ढीग असायचा, त्यातला एक गोळा उचलून मी त्यावर डोळे काढले, तू शिकवलेस तसे. आधी वरची पापणी एका दमात, मग खालची, मग बुबुळ, आणि शेवटी पांढरा ठिपका. काढले आणि गोळा ढिगावर परत फेकून दिला. तू आतून पाहत होतीस. बाहेर आलीस आणि माझ्या कानाखाली लावलीस. बाकीच्या बायका म्हणत होत्या, "अगो, पोर हाय, सोड." तू सोडलं नाहीस. भर दुपारी तो गोळा माझ्या हातात देऊन मला भोगावतीवर नेलंस. रस्त्यात एवढंच म्हणालीस, "डोळं काढलेस ना त्याला? मग त्याचं पुढं काय व्हतंय ते आता तुलाच बघायला लागंल. मधेच टाकून नाय जायचं." नदीला पाणी घोट्याएवढं होतं. मी गोळा पाण्यात धरून बसलो, तो हळूहळू विरघळला, डोळे सगळ्यात शेवटी गेले. काठच्या तापल्या दगडावर माझे पाय भाजत होते आणि मला तुझा भयंकर राग आला होता.

राग माझा तेव्हापासूनचाच. कॉलेज मी रागातच सोडलं. रोह्याला सेकंड इयरला होतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्याबद्दल कँटीनमध्ये एक जण घाण बोलला, मी त्याला बाकासकट आडवा केला. सर म्हणाले, दोन ओळींचं माफीपत्र लिहून दे, विषय संपला. मी कोरा कागद त्यांच्यासमोर फाडला आणि निघून आलो. पुढं धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागलो, आणि शिफ्ट सुटली की तिच्या गल्लीतून गाडी घालायचो. तिचे वडीलही धाटावलाच एका कंपनीत होते, आणि रविवारी त्यांच्या घरी, वरच्या पत्र्याच्या खोलीत, येशूची प्रार्थना व्हायची. पंधरा-वीस माणसं, बरीचशी शिफ्टवाल्यांची कुटुंबं. मी जाऊन मागं बसायला लागलो. तिच्या वडिलांनी विचारलं, "मनापासून येतोस ना?" मी हो म्हणालो. ते खोटं होतं असंही नाही. मनापासूनच जात होतो, फक्त कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

तर गेल्या वर्षी ईस्टरच्या आठवड्यात तिथं एक परदेशी मिशनरी आला. रोमानियाचा, माझ्याच वयाचा, केस पिवळे आणि मान दोन दिवसांत भाजून लाल झालेली. सात दिवस मुलांना शिकवायचं आणि रविवारी संध्याकाळी निघायचं, असं ठरलेलं. त्याचं इंग्रजी त्याच्या पद्धतीचं, माझं माझ्या पद्धतीचं, पण दुसरं कोणी नव्हतं म्हणून अर्थ सांगायला मी. सकाळी मुलांना जमिनीवर बसवून तो गोष्टी सांगायचा, बोलता बोलता हात एवढे हलवायचा की पोरं गोष्ट सोडून हातच बघायची. गुरुवारी त्यानं परात मागवली आणि सगळ्यांचे पाय धुवायला बसला. तिथं निडीकडच्या एका गावातून एक म्हातारी यायची, एकटी, विधवा. सोललेले वाल घेऊन ट्रेननं रोह्याला विकायला यायची आणि प्रार्थनेला थांबायची. ती पाय वर घेऊन बसली. "माजं नको रं बाबा. तू पावना. आनि ह्या पायांची माती सात दिसांत नाय निघायची." मी सांगितलं तसा तो हसला, पण पाय धुतलेच. तो आल्या दिवशी तिला "हाय" म्हणाला होता. म्हातारी म्हणाली, "हाय, हाय, हितंच हाय." तेव्हापासून दोघं रोज तेच म्हणायचे आणि रोज हसायचे.

शनिवारी अंडी. त्यांच्याकडं ईस्टरला अंडी लाल रंगात उकळतात, रविवारी एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटतात, एक जण म्हणतो "प्रभू उठला आहे", दुसरा म्हणतो "खरोखर उठला आहे". रंगाच्या पुड्या त्यानं घरून आणल्या होत्या. त्या मुलीच्या आईनं मोठं पातेलं चढवलं. स्वयंपाकघरात आम्ही सात-आठ जण, वाफ, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. अंडी बाहेर काढून ताटात ठेवली तेव्हा म्हातारीनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगो बाय, ह्ये तर तिठ्यावर उतारा ठेवतात तसलंच दिसतंय की." सगळे हसले. मुलीची आई म्हणाली, "तोंडाला काय बी येतं तुमच्या, आजी." मिशनऱ्यानं मला विचारलं, काय म्हणाली? आता त्याला करणी म्हणजे काय, उतारा म्हणजे काय, लाल अंडं दारात दिसलं की आमच्याकडं माणसाचं रक्त कसं गोठतं, हे सगळं सांगायचं तर मला इंग्रजी पुरलं नसतं. आणि ती मुलगी समोरच होती, तिच्यापुढं मला अडखळायचं नव्हतं. मी म्हणालो, "आजी म्हणतेय, फार सुंदर दिसतंय." तो खूश झाला.

मग पोरं त्या अंड्यांवर मेणखडूनं फुलं काढत बसली. मी खिशातून तुझा ब्रश काढला. एक अंडं घेतलं आणि त्यावर डोळे काढले. रेषा तुझ्या, वरची पापणी एका दमात, शेवटी पांढरा ठिपका. पण डोळे तिचे. ती शेजारीच उभी होती. अंडं तिच्या हातात दिलं तर तिनं ते खिडकीकडं धरून फिरवून बघितलं. मग हळूच म्हणाली, "असं बघते मी?" मी म्हणालो, "माझ्याकडं नाय बघत. बाकी सगळ्यांकडं बघतेस." ती हसली. दीड वर्षात मला मिळालेलं तेवढंच.

रविवारी सकाळी प्रार्थना झाली, अंडी आपटून झाली, आणि मिशनरी उभा राहिला. म्हणाला, आमच्याकडं एक अंडं ज्याच्या घरी दुखणं आहे त्याला देतात. आपल्याकडचं सगळ्यात चांगलं द्यायचं. घरात कोणी नसेल तर दारात ठेवून यायचं. मी त्याचं बोलणं मराठीत सांगितलं, शब्दाला शब्द. म्हातारी म्हणाली, आमच्या शेजारी आठ महिन्यांचं पोर हाय, जन्मापास्नं आजारी, त्याच्या काळजाला भोक हाय म्हनतात. तिच्याकडचं अंडं आपटताना फुटलं होतं. तेव्हा ती मुलगी उठली आणि मी दिलेलं अंडं तिनं म्हातारीच्या ओंजळीत ठेवलं. माझ्याकडं बघितलंही नाही. सगळ्यात चांगलं द्यायचं म्हणाला ना तो, म्हणून तिनं ते दिलं. आज मला हे कळतं. त्या वेळी मी जिना उतरून खाली आलो आणि गाडीला लाथ मारली.

म्हातारी दुपारच्या गाडीनं गावी गेली. शेजारच्यांचं दार लोटलेलं होतं, आत सगळी दुपारची आडवी झाली होती. तिनं अंडं उंबऱ्यावर ठेवलं आणि घरी गेली. संध्याकाळी मिशनरी पनवेलच्या गाडीत बसला. त्याच रात्री ते बाळ गेलं.

सोमवारी सकाळी म्हातारीला गावानं घेरलंय असा त्या मुलीच्या घरी फोन आला, पण तिचे वडील फर्स्ट शिफ्टला होते, मोबाइल गेटवर जमा. ती माझ्याकडं आली. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या गाडीवर मागं बसली, आणि सबंध रस्ताभर तिनं मला हात लावला नाही. गावात पोचलो तर म्हातारीच्या ओट्यापुढं सगळा गाव. ती दाराला टेकून बसली होती, डोक्यावरचा पदर खाली आलेला. बाळाच्या चुलत्यानं अंडं वर्तमानपत्रात धरलं होतं, हात न लावता. तो ओरडत नव्हता, आई. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो रडून बसलेल्या आवाजात विचारत होता, "म्हातारे, आमी तुजं काय वाईट केलं हुतं?"

"पोराला बरं वाटावं म्हून ठेवलं रं," ती म्हणत होती. "देवाचं हाय ते."

"देवाचं? लाल अंडं देवाचं? आनि ह्ये डोळं? ह्ये घरात बघत हुतं. कोनी काढलं ह्ये डोळं?"

म्हातारी म्हणाली, "मला ठावं नाय. रोह्याला मिळालं." आणि तिनं मान वर करून आमच्याकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

इथं मी किती वेळा परत गेलोय, आई. मला फक्त एवढं म्हणायचं होतं: मी काढले. मी पेणचा, गणपतीच्या कारखान्यातला, माझी आई आखणी करायची. त्या गावातल्या प्रत्येक घरात गणपती पेणहून येतो. एखाद्या पाटावर कधीतरी तूच काढलेले डोळे बसले असतील. त्यांना ते लगेच कळलं असतं. पेणच्या एका आगाऊ पोरानं मस्तीत डोळे काढले, यात करणी कसली? मला चार लाफे बसले असते, आणि म्हातारी आपल्या घरात राहिली असती.

मी म्हणालो, "त्या गोऱ्यानं काढलं. गेला तो काल."

शेजारी ती उभी होती. तिनं माझ्याकडं वळून बघितलं, अंड्यावर होते तशाच डोळ्यांनी.

मला वाटलं होतं, गेलेल्या माणसावर ढकललं की संपेल. उलटंच झालं. कोणीतरी म्हणालं, म्हंजे बाहेरून मानूस आनून करवलं. बाळाची आजी पुढं आली आणि तिनं म्हातारीचा अंबाडा धरला. मग मी हात उचलला. चुलत्याची कॉलर धरली, ज्याच्या घरातलं बाळ आदल्या रात्री गेलं होतं त्याची, आणि त्याला दोन ठेवून दिल्या. पुढचं काय सांगू. मला मारलं ते ठीक. कौलं फुटली, वालाची पोती ओट्यावरून खाली ओतली. संध्याकाळच्या आत म्हातारी एका बोचक्यासकट लेकीकडं जिते गावाला गेली. प्रार्थना बंद झाली, त्या मुलीच्या वडिलांनी वरच्या खोलीला कुलूप घातलं. धाटावला मित्र म्हणाले, साल्या, एकटा अख्ख्या गावाला भिडलास. मी ते ऐकून घेतलं.

त्या मुलीनं माझ्याशी बोलणं सोडलं. महिनाभरानं एकदा रोह्याच्या स्टँडवर दिसली. मी म्हणालो, "मी भांडलो ना तिच्यासाठी?" ती म्हणाली, "भांडलास. बोलला नाहीस." आणि तिची एसटी लागली.

यंदा वाल निघाले तेव्हा मी जित्याला गेलो. म्हातारी लेकीच्या पडवीत बसून शेंगा सोलत होती. गाव सुटल्यापासून तिला कमी ऐकू येतं, लेक म्हणाली, का तीच ऐकत नाय कोन जाणे. मला ओळखलं. बस म्हणाली, ओंजळभर वाल हातात दिले. खरं सांगायचं, असं मी ठरवून गेलो होतो. बराच वेळ तीच बोलली, गावातल्या तिच्या कडीपत्त्याला कोण पाणी घालत असेल वगैरे. मग शेंग सोलता सोलता म्हणाली, "ते डोळं मला अजून दिसतात रे पोरा. कशाला खोटं बोलू, चांगलं हुतं. त्या गोऱ्या पोराचा हात ग्वाड." आणि हसली. "हाय, हाय, हितंच हाय," म्हणाली.

मी "व्हय" म्हणालो. वाल खिशात घातले आणि पेणची गाडी धरली.

हा कागद मी तुझ्या ब्रशबरोबर डब्यात ठेवणार आहे. नदीत सोडणार नाही, ते सोपं होईल. सरांना दोन ओळी लिहिल्या नाहीत, तुला एवढं लिहिलं, आणि तरी खरं ते मी वर लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला वाटेल मी त्या गावाला घाबरलो. मी घाबरलो नव्हतो, आई, मला मार खायची सवय आहे. कोनी काढलं हे डोळं, असं त्यानं विचारलं, तेव्हा मी त्या मुलीकडं बघितलं आणि माझ्या मनात आलं, हिनं माझं अंडं दुसऱ्याला दिलं. तेवढंच आलं होतं मनात. म्हातारी नव्हती, बाळ नव्हतं. मी रागावलो होतो.