दगडफुलाची शिष्यवृत्ती

संत तुकाराम नगर
५ नोव्हें. १९७९
भीमाशंकरच्या वाटेवर एकदा खडकाला टेकून आम्ही दशम्या खाल्ल्या होत्या. ह्यांनी नखाने दगडफूल खरवडून माझ्या तळहातावर ठेवलं. "तुझ्या गोड्या मसाल्यातलं. धूर आला की आधी हे मरतं." माझं लक्ष लोणच्याकडे. आज ह्यांना जाऊन तीन वर्षं झाल्यावर आठवलं, कारण शालिनीचा अर्ज आला. काळेवाडीची मुलगी, एम.एस्सी.ला. चाकणपासून भीमाशंकरपर्यंत डोंगरांवर दगडफूल कुठे उरलंय, कुठे धुराने गेलं, ते बघणार. ह्यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीला याहून काय हवं!

१४ नोव्हें.
शिष्यवृत्ती ह्यांच्या कंपनीच्या कल्याण समितीकडे सोपवली, हीच चूक. अर्ज त्यांनी महिला मंडळाच्या मसाला वर्गाकडे पाठवला! सेक्रेटरी वर हसतात, "वहिनी, दगडफूल म्हणजे तुमचंच खातं ना?" कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, रागात तोंड उघडू नये. उघडलं.

२२ नोव्हें.
अर्ज परत समितीपुढे. दगडफूल कशाने मरतं, आणि त्यात आपल्या कंपनीचाही धूर आहे, ते आता त्यांना कळलं. निरोप: मंजूर, पण मथळ्यातला 'धूर' काढून 'हवामान' घाला. म्हणजे दोष कोणाचाच नाही. किती सोयीचा शब्द!

२३ नोव्हें.
शालिनी वडिलांना घेऊन आली. ते त्याच कंपनीत, लेथवर. खुर्चीत बसेनात. "बाई, पोरगी खोटं लिवत न्हाई, ठावं हाय मला. पन माझं कार्ड बी तितंच पंच व्हतंय." ह्या माणसावर कशी रागावू?
शालिनी म्हणाली, "काकू, धूर काढला तर उरतं काय? मसालाच."
मी हसले. वडील नाही.

२९ नोव्हें.
उद्या बैठक. दोन्ही मथळ्यांचे अर्ज मी टाइप करून दिले. कुठला द्यायचा ते शालिनी ठरवेल. मी एक शब्द बोलणार नाही. हात शिवशिवतात, तरी.
परवा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. लेकीसाठी लिहून ठेवते. सुधा, काही झालंच तर: बाबांचं भिंग आणि नकाशे शालिनीला, तिने कुठलाही कागद दिला तरी. समिती नाही म्हणाली, तर माझ्या पाटल्याही तिलाच, मोडून डोंगरावर जायच्या खर्चाला. शिवणयंत्र तुला. समितीने हॉलमध्ये लावायला बाबांचा फोटो मागितला आहे. तो द्यायचा नाही. मथळा काय ठरला ते कळेपर्यंत तरी नाही.