निरोगी नमुना

१४ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. मी ठीक आहे, मावशीचा गुडघाही ठीक आहे. वहिनीच्या कोटाला अस्तर लावून झालंय, गळा तेवढा राहिलाय. तुझा खोकला कसा आहे?

पत्र अशासाठी, की समोर बोलायला लागले की तिसऱ्या वाक्याला तू विचारतोस, "गोळी घेतलीस का?" घेतली. आता वाच.

मेंदूच्या त्या अभ्यासासाठी आपण दोघं इस्पितळात गेलो होतो. आजारी माणसाबरोबर त्याचं धडधाकट भावंडही तपासायचं, अशी त्यांची पद्धत. तुझ्या फॉर्मवर 'निरोगी नमुना' असं छापलेलं होतं आणि आठवडाभर तू ते दुकानात येईल त्याला सांगत होतास. मी म्हटलं, तू नमुना आहेस हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. तू हसला नाहीस.

मग मेंदूच्या फिल्मची पाकिटं आली. तू माझी फिल्म खिडकीशी धरलीस आणि सगळ्यांसमोर बोट ठेवलंस. "ही बघा पोकळी, केवढी आहे! हिच्या हातात कात्री द्यायची?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याच संध्याकाळी बाबांची कात्री तुझ्या कपाटात गेली आणि मी काज-बटणांवर. वीस वर्षं कापड बेतणारी बाई, दादा, काज-बटणांवर! म्हणून मी मावशीकडे निघून आले.

तुझी भीती अगदीच खोटी नाही, हे लिहायला मला जड जातंय. चार वर्षांपूर्वीच्या त्या वाईट महिन्यात डोक्यातले आवाज सांगत गेले आणि मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या कापडाच्या चिंध्या केल्या. मी ते विसरलेले नाही. आवाज अजूनही अधूनमधून येतात. पण आले की मी कात्री खाली ठेवते आणि तुला हाक मारते. तेव्हापासून एक कापड वाया गेलं असेल तर दाखव.

आता आठ दिवस जे लिहायचं टाळतेय ते. इस्पितळातून फोन आला होता. आपल्या पाकिटांची अदलाबदल झाली. ती मोठी पोकळी तुझी आहे.

घाबरू नकोस. मी आधी टाळी वाजवली, खोटं कशाला सांगू. मग तुझ्या काळजीनं रडले आणि तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "अहो, पोकळ्या सगळ्यांनाच असतात, कुणाच्या लहान, कुणाच्या मोठ्या. तुमच्या आजाराच्या शेकडो माणसांची सरासरी काढली, तर त्या थोड्या मोठ्या भरतात. उदासीच्या आजारातही कधी कधी तसंच दिसतं. पण एकट्या फिल्मवरून कुणाचं काही सांगता येत नाही. बाकीच्या तपासणीत तुमचा भाऊ ठणठणीत आहे."

कमरेच्या मापावरून गिऱ्हाइकाचा स्वभाव सांगावा, तसं केलंस तू. आता फिल्म तुझी निघाल्यावर म्हणशील, त्यात काय एवढं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! मी वहिनीला अजून बोललेले नाही. तूच सांग, त्याच खिडकीशी, त्याच माणसांसमोर.

सोमवारी नऊला मी दुकानात येतेय. विचारायला नाही, बेतायला. कात्री टेबलावर असू दे. नसली, तर नवी घेऊन समोरच्या गाळ्यात बसेन आणि पाटी बाबांच्याच नावाची लावेन.

तुझी धाकटी,
दुकानाची कटिंग मास्तर

ता. क. खोकल्याचं औषध घेतलंस का?