मंगळवारचा चमचा

मी, कपडे दुरुस्तीच्या दुकानाची मालकीण, विधवा, वय ऐंशीच्या जरा अलीकडे, कुणाच्याही दाबाखाली न येता हे सांगते आहे आणि वकीलसाहेब लिहून घेत आहेत. मला अक्षर येत नाही. पण कान शाबूत आहेत, डोकं शाबूत आहे, आणि राग तर फारच शाबूत आहे.

आधी एक नोंद. वकीलसाहेबांनी बसल्या बसल्या दोन कळा दाबल्या, पडद्यावर एक रिकामी चौकट आली, तिच्यात दोन अक्षरं टाकली आणि आख्खं मृत्युपत्र तयार. मी म्हणाले, "वाचा." त्यांनी वाचलं, "माझ्या थोरल्या चिरंजीवाने माझी मनोभावे सेवा केल्यामुळे..."

"साहेब, हा कुणाचा थोरला?"

"आजी, साचा आहे तो. बहुतेकांना हाच चालतो."

"मला नाही चालत. पुसा."

पुसलं. यापुढचा शब्द न शब्द माझा आहे.

कलम एक. खाली दुकान, वर दोन खोल्या. ही मिळकत मी आणि माझ्या मालकांनी स्वकष्टाने केलेली आहे. माझ्या पश्चात ती सगळीच्या सगळी धाकट्या सुनेची. धाकटा माझा लवकर गेला. ती माहेरी गेली नाही, माझ्यासमोरच्या मशीनवर येऊन बसली. आम्ही दोघी रोज भांडतो. भांडायला समोर माणूस लागतं, एवढं थोरल्याने लक्षात घ्यावं.

कलम दोन. मोठी कात्री, दोन्ही मशीन, चेनचा डबा, इस्त्री, हेही सुनेचं. त्या कात्रीने कुणी कागद कापला तर मी परत येईन, आणि चांगल्या तोंडाने येणार नाही. थोरल्याने शाळेत असताना याच कात्रीने पुठ्ठा कापला होता. धार गेली ती गेलीच. मी विसरलेले नाही.

कलम तीन. दुकानातला कंप्युटर. मला वाचता येत नाही म्हणून सुनेने त्याच्या कळांवर कपड्यांची खरीखुरी बटणं चिकटवली आहेत. गिऱ्हाईक निवडून ठेवते ती, दाबते मी. कोटाचं मोठं बटण दाबलं की निरोप जातो, "कपडे तयार आहेत, घेऊन जा." शर्टाचं दाबलं की, "अजून दोन दिवस थांबा." पितळी दाबलं की पावती छापून बाहेर. हे सगळं तिने स्वतः जुळवलं. तेव्हा यंत्राशी माझं वैर नाही, हे वकीलसाहेबांनी ठळक लिहावं. गिऱ्हाइकाला कपडा हवा असतो, आमची माया नको असते. झिजलेली कॉलर उलटवायची तर मशीनवर उलटवा, हाताला त्रास कशाला? पण काही टाके हातानेच घालायचे असतात, आणि ते कोणते, हे मी थोरल्याला लहानपणी शिकवलं होतं.

कलम चार. थोरला. हा दूरच्या शहरात असतो. जे काम दोनदा करावं लागेल ते तिसऱ्यांदा यंत्राकडून करून घ्यायचं, हा त्याचा धंदा, आणि त्यात तो हुशार आहे, हे मी नाकारत नाही. गेल्या वर्षापासून रोज सकाळी फोनवर त्याच्या आवाजातला निरोप यायला लागला. "आई, उठलीस का? गोळी घेतलीस ना?" मी गल्लीभर सांगत सुटले. शेजारच्या कुलूपवाल्याला तर बोलावून ऐकवलं. तो म्हणाला, "नशीब काढलंत, आजी." मी रोज फोनात बोलून उत्तर पाठवायची, चांगलं लांबलचक. त्यावर त्याचा आवाज, "छान. काळजी घे, आई."

मंगळवारच्या निरोपात मागे चमचा पडायचा. खण्णकन. आणि तो हसून म्हणायचा, "थांब, चमचा पडला." पुढच्या मंगळवारी पुन्हा पडला. त्याच्या पुढच्याही. मी म्हटलं, पोराचा हात थरथरतो, आणि माझ्यापासून लपवतो आहे. मी विचारलं, "हाताला काय झालंय रे? डॉक्टरला दाखव." उत्तर आलं, "छान. काळजी घे, आई." मला वाटलं, विषय टाळतो आहे. मी सुनेच्या मागे लागले, त्याच्याकडे जाऊ, त्याचा हात बघू.

मग मी न्हाणीघरात घसरले आणि माझाच हात मोडला. पडल्या पडल्या त्याला सांगितलं, "पडले रे, हात मोडला बहुतेक." आला आवाज. "छान. काळजी घे, आई."

हाताला प्लास्टर घालून घरी आले तेव्हा सुनेने मागच्या मंगळवारांचे निरोप एकापाठोपाठ एक लावले. तोच चमचा, तेच हसू. ती म्हणाली, "सासूबाई, त्यांनी सात वारांचे सात निरोप भरून ठेवलेत. तुमचा आला की उत्तरही आपोआप जातं. तुमचं ते ऐकतच नाहीत." हे ती खाली बघून म्हणाली, जणू तिनेच केलं होतं.

आजवर मी थोरल्याला हे बोललेले नाही. बोलले तर तो माफी मागेल, रडेलही, आणि नवे सात भरून ठेवेल.

कलम पाच. थोरल्याला माझा फोन. माझी सगळी उत्तरं त्यात आहेत. पाणी कधी गेलं, कुणाचं लग्न मोडलं, त्याच्या बापाचा कोट मी उसवून सुनेला जाकीट शिवलं, पायाची सूज उतरली, पुन्हा चढली. त्याने ती एकेक ऐकावीत. दुसरं काही त्याला नाही.

कलम सहा. मी जिवंत असेतो हे बदलायचा हक्क माझ्याकडे आहे. तो आधी न कळवता आला, दुकानातल्या स्टुलावर बसला आणि मला काही विचारून उत्तर संपेपर्यंत थांबला, तर वकीलसाहेबांनी कलम एक पुन्हा उघडावं. स्टूल मी रिकामं ठेवते. गिऱ्हाइकाला बसू देत नाही.

कलम सात. मी गेल्याचा निरोप त्याला माझ्या फोनवरून कुणी धाडू नये. सुनेने आपल्या फोनवरून त्याला फोन लावावा, तो उचलेपर्यंत लावत राहावं. माझ्या फोनवरून कळवलंत तर त्याचा आवाज काय म्हणेल ते मला ठाऊक आहे, आणि ते मला मेल्यावरसुद्धा ऐकायचं नाही.

हे मला वाचून दाखवलं, मी सांगितलं तसंच उतरलं आहे, म्हणून डाव्या हाताचा अंगठा देते. उजवा अजून प्लास्टरात आहे.

(अंगठा)

साक्षीदार: शेजारचा कुलूपवाला (सही). कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्सबाई, जिने हात बांधला (सही).
लिहून घेणार: वकील (सही).

स्थळ: दुकानाची मागची खोली.
वार: मंगळवार, सकाळ. अंगठा उठवत असतानाच फोनवर थोरल्याचा निरोप वाजला. चमचा पडला, आणि तो आम्हां सगळ्यांनी ऐकला.