टोपणावरचं गाव

८ सप्टेंबर, रविवार

बोटांनी धरायचं नाही. आज कायमचं ठरलं.

अंगठ्याच्या पेराएवढा घडवलेला माणूस. त्याच्या धोतराला पांढरा देत होतो, तेवढ्यात पागोट्याचा लाल माझ्याच बोटाला लागून निघून आला. रंग वाळला असं वाटतं, पण वाळलेला नसतो. शिवाय बोटाला घाम असतो, आणि जिथं घाम लागला तिथं रंगाचा दुसरा हात धरत नाही.

मग दवाईच्या बाटलीचं टोपण घेतलं. त्यावर फेविक्विकचा थेंब, थेंबावर माणसाचे दोन पाय. आता धरायचं ते टोपण. डाव्या हातात टोपण, उजव्या हाताची करंगळी टोपणाच्या कडेला टेकवलेली, दोन्ही मनगटं एकमेकांना भिडलेली, आणि श्वास सोडता सोडता ब्रश लावायचा. हात तसूभर हलत नाही. डोळ्यात बुबुळ घालता येतं!

हे मला कोणी शिकवलेलं नाही. ट्रकच्या मागचा मोर काढायलाही कोणी शिकवलं नव्हतं.

१२ सप्टेंबर

दीपमाला म्हणाली, "घरात एकाही दवाईच्या बाटलीले टोपण नाही जी. खोकल्याची दवाई मुंग्या पिऊन राहिल्या." मी म्हटलं, मुंग्यांना खोकला नसतो. ती हसली नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

कशासाठी करतोय, ते एकदा इथं लिहून टाकतो. दीपमाला बायको असून तिलाही पूर्ण सांगितलेलं नाही.

हे आमचं जुनं गाव आहे, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. आता आम्ही कोंढा गावाच्या वाटेवर, सरळ गल्ल्यांच्या नव्या गावात राहतो. मी करतोय ती जुन्या गावची मंडई. दिवाळी झाली की भरायची ती जत्रा. भर दुपारी पिंपळाखाली दंडार सुरू व्हायची आणि सगळं गाव नाच-सोंग पाहायला गोळा व्हायचं. ही मी पाच वर्षांचा होतो तेव्हाची. तिच्या पुढच्या मंडईला बाबा नव्हते.

बाबांचा फोटो नाही. एकही नाही. तुलाराम हे नाव आहे, पण चेहरा नाही. मला आठवतो तो फक्त त्यांचा खांदा. मी वर बसलेलो, आणि खाली केसांना लागलेला तेलाचा वास.

म्हणून हे सगळं गाव एका माणसासाठी चाललंय. आई त्यातल्या एकाला बोट लावून म्हणेल, हे तुहे बाबा. तेव्हा मला ते दिसतील. एवढंच पाहिजे.

तारेचा सांगाडा, त्यावर एम-सीलचं अंग. बाबा मी उंच केले. छाती रुंद, मिशी भरदार. जुना शेजारी देवाजी म्हणतो ते उंच होते.

२१ सप्टेंबर

स्वप्न पडलं. मी टोपणावर उभा आहे. पाय चिकटलेले, पण त्याचं काही वाटत नाही. वर हिरवं पाणी आणि पाण्यातून येणारं ऊन. कोणीतरी मला सावकाश फिरवतंय आणि माझ्या पाठीला ओला रंग लावतंय. थंडगार! मागे वळून कोण आहे ते पाहावं असं सारखं वाटत होतं, पण मान वळेना. मान वळेल अशी मी ती केलीच नव्हती.

जाग आली तेव्हा खिडकीत उजाडलेलं. धानावर धुकं तरंगत होतं. थोडा वेळ कळेना, पाणी कुठं संपतं नि बांध कुठं सुरू होतो.

२९ सप्टेंबर, रविवार

आईला दाखवलं.

सगळी माणसं टोपणावरून काढून पाटावर मांडली होती. पिंपळ, पार, दंडारीची जागा, रेवड्यांचं दुकान, सगळं जागच्या जागी. आईचा चष्मा मीच पुसून दिला. ती वाकून पाहत राहिली. बराच वेळ.

मग म्हणाली, "इथं शाळेची प्रार्थना होऊन राहिली का?"

मी म्हटलं, आई, मंडई आहे. आपली.

"आपली? मले तं यातलं कोणी नाही ओळखू येत, बापा."

मी बाबांना उचलून तिच्या तळहातावर ठेवलं. कोण आहे सांग. तिनं उलटंसुलटं करून पाहिलं. "फारेस्टचा गार्ड होय का?"

आणि परत दिला.

३० सप्टेंबर

ब्रश हातात घेतला नाही.

२ ऑक्टोबर

दुकानात देवाजी आला होता. जुन्या गावात त्याचं घर आमच्या घराला लागून. त्याला ट्रॅक्टरवर नातीचं नाव लिहून पाहिजे. 'ख'ची शेपटी कशी पाहिजे यावर माझ्याशी हुज्जत घालत होता. मी पाट दाखवला. त्याने पाहिला, तंबाखू दाढेखाली सारली.

"पेंटर, सारे रेशनच्या लाईनीत काहून उभे केले?"

उभे राहून दंडार नाही पाहणार तर काय, मी म्हटलं.

"आपल्या गावात कोण उभं राहे बे? साहेब आला तं उभं राहे. नाही तं माणूस दिसला का बसलेला. उकिडवा बसे, टेकून बसे. तुह्या बापाचा मोठा भाऊ तं चालता चालता बी बसे."

तो गेल्यावर पाटाकडं पाहत बसलो. रंग नीट आहेत. लुगड्यांचे काठ नीट आहेत. पागोट्याचे पेच तर मोजून घ्यावेत असे. आणि माणसं? सगळी ताठ, पाय जोडून, समोर पाहणारी.

ही माणसं गावानं उभी केली नव्हती. टोपणानं केली होती. टोपणाला दोन पाय लागतात, म्हणून मी अख्ख्या गावाला उभं राहायला लावलं. धरायला सोपं तसं घडवत गेलो, आणि मला त्याचा पत्ताही लागला नाही. मला! अक्षराचा काना केसभर सरकला तर अख्खी पाटी पुसणाऱ्या माणसाला!

६ ऑक्टोबर, रविवार

सगळी मोडली. तारा तेवढ्या वाचवल्या.

आता आधी माणूस बसवायचा, मग त्याला कुठं धरायचं ते शोधायचं. उकिडव्याला टोपण चालत नाही. मांडीखाली ब्रशच जात नाही. त्याच्या बुडातून सुई घालायची आणि सुईचं दुसरं टोक तुराटीच्या गाभ्यात खोचायचं. तुरीची ही वाळकी काडी आतून मऊ असते, सुई धरून ठेवते, पाहिजे तेव्हा सोडते. वजनाला काही नाही. दोन बोटांत फिरवली की माणूस चारही बाजूंनी दिसतो, खालूनसुद्धा.

काठीला टेकलेला असेल तर त्याची काठीच लांब ठेवायची आणि तिलाच धरायचं. शेवटी कापून टाकायची. डोक्यावर टोपली असेल तर तार टोपलीतून वर काढायची आणि माणूस उलटा धरायचा. उलटा धरल्यावर एक गंमत होते. तो माणूस आहे हे डोळा विसरतो आणि नुसता रंग दिसतो. चूक लगेच सापडते.

वाळत घालायला धानाच्या तणसाची घट्ट पेंडी बांधली. तिच्यात तुराट्या खोचतो. खिडकीतून वारा आला की सगळं गाव किंचित डोलतं.

दीपमाला म्हणाली, "आता माह्या सुया गेल्या." पण पेंडीजवळ थांबली. एका बाईच्या बुडाखालची सुई तिनं अलगद फिरवून पाहिली. "हे बसली बरं का नीट," म्हणाली.

१३ ऑक्टोबर

आजकाल रस्त्याने जाताना माणसं पाहतो आणि मनातल्या मनात ठरवतो, याला कुठं धरायचं. बसची वाट पाहणारी बाई, पोर कडेवर, सगळा भार एका कुल्ल्यावर. हिला पोराकडून धरायचं. पुलावर वाकलेला म्हातारा, कठड्याकडून. प्रत्येकाची एक जागा असते, जिथं त्याला धरलं तर तो मोडत नाही.

संध्याकाळी धरणाच्या पाण्याकडे गेलो होतो. हवा पडलेली. पाणी इतकं स्थिर की खाली मंडई भरली असेल आणि कोणी मान वर करून माझ्याकडे पाहतही असेल. पाहणारा बसलेला असेल हे आता मला माहीत आहे.

१६ ऑक्टोबर

बाकी गाव होत आलं. बाबा नाहीत. बाबा कसे बसायचे, मला माहीत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

आईला विचारलं. ती अंगणात शेंगा फोडत होती. मी म्हटलं, आई, बाबा दंडार पाहायला कसे बसत?

"माणसावानी बसत. कसे बसत म्हंजे?"

मी म्हटलं, नीट सांग, गुडघा कुठं, हात कुठं. ती म्हणाली, "पुंड्या, तू काय त्याईचं शर्ट शिवून राहिला का?" आणि पुन्हा शेंगा.

मी गेलो नाही, बसून राहिलो. थोड्या वेळानं तिनं सूप बाजूला सारलं. भिंतीला हात लावून थोडी सरकली. डावा गुडघा उभा केला, उजवा पाय दुमडून आत घेतला. उजवा हात मागं जमिनीवर टेकवला. हनुवटी गुडघ्यावर ठेवली. मग दंडार समोर आहे असं धरून तिच्याकडे पाठही नाही आणि तोंडही नाही, अशी तिरपी वळली.

"अशे," म्हणाली. "त्याईचा डावा कान गेलेला होता ना. मंग उजवा दंडारीकडं करत. लोकं म्हणत, तुलाराम दंडार पाहाले आला का रुसाले?"

मला ठाऊकच नव्हतं. पन्नास वर्षांत कान गेल्याचं कोणी बोललं नाही.

मी कागद आणायला उठलो नाही. उठलो असतो तर ती मोडली असती. तशीच बसली होती. सत्तरी उलटलेली बाई, लुगड्याचा काठ विटलेला. पण त्या गुडघ्यात, त्या मागं टेकलेल्या हातात ती नव्हती. अंगणात दुसरंच कोणी बसलेलं होतं, आमच्याकडं न पाहता काहीतरी ऐकत. ऊन त्याच्या खांद्यावर होतं. मी तो खांदा ओळखला.

मग आई म्हणाली, "पाय भरून आला माहा. धर." मी हात दिला आणि ते गेले.

२७ ऑक्टोबर, रविवार

बाबा तुराटीवर आहेत.

मिशी काढून टाकली. छाती लहान केली. मागं टेकलेल्या हाताखाली ब्रश जाईना, म्हणून तुराटी छताकडं धरून खालून रंगवलं. धोतर शुभ्र नाही दिलं, मातीचा हात मारला. उजवा कान अगदी थोडा मोठा ठेवलाय. मोजमापानं चूक आहे. ठेवलाय.

चेहऱ्याला डोळे दिले नाहीत, हनुवटी गुडघ्यात असल्यानं पापण्याच दिसतात. तीन केसांचा ब्रश, एक रेघ.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. परवा मंडई. पाट देवळात ठेवायचा असं गावानं ठरवलंय.

नेण्याआधी आईसमोर ठेवला. कोण कुठं आहे ते सांगितलं नाही. ती पाहू लागली आणि हसली. "हा देवाजी. पाहा कसा बसला चोट्टा, दुसऱ्याच्या चटईवर." मग एकेक नाव. गेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची. तिचं बोट पारावरून, दुकानावरून, पोरांवरून फिरत फिरत गर्दीच्या कडेला आलं. थांबलं.

तिनं डोक्यावर पदर घेतला.

"हे," एवढंच म्हणाली.

माझे डोळे तिला दिसायला नकोत म्हणून दाराकडं गेलो. पण पाहिले मी. बाबांना पाहिलं.

४ नोव्हेंबर

आई सकाळपासून पाटाजवळच होती. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाली, "पुंड्या, अन् मी कुठी आहो?"

मी पाहिलं. आहे मी, पोरांत. देवाजी आहे, देवाजीची म्हैस आहे. रेवड्यांवरच्या माश्याही मी दिल्यात.

"बायांच्या कडेले बसत होती मी. बरोबर त्याईच्या समोर. त्याईले ऐकू कमी ये ना, म्हून ते माह्या तोंडाकडं पाहत. मी हसली का ते हसत."

बाबा ज्या बाजूला तोंड करून बसलेत, तिथं मी नुसती माती रंगवलीय.

"आई," मी म्हटलं, "तू कशी बसत होतीस?"

तिनं त्या मातीवरून बोट फिरवलं. "मले काय मालूम," म्हणाली. "ते सांगू शकले असते."