प्रे-मोराँची तार

सोमवार, २६ फेब्रुवारी

मला कोणी विचारलंसुद्धा नाही! मिरेयनं फोनवर नुसतं कळवलं — "शनिवारी प्रे-मोराँला जातोय, आठला तयार राहा." लेक आहे की स्टेशनमास्तर? स्टेशनमास्तर निदान गाडी उशिरा असेल तर सांगतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला दिवसभर चिखलात उभी कशाला करायची? तर म्हणे नातीच्या, सोलेनच्या, शाळेला सुट्टी आहे, पोरीला बर्फावर न्यायचंय. आणि वर — "आई, तुला बघून जिललाही बरं वाटेल."

बर्फ कुठाय? माझ्या स्वयंपाकघरातून प्रे-मोराँचा डोंगर दिसतो. सगळा तपकिरी. टकल्या माणसाच्या कानामागे उरतात तेवढे पांढरे केस.

ही वही डॉक्टरनं रक्तदाब लिहायला दिली. रक्तदाब एका ओळीत संपतो, पान उरतं. आज दीडशे. मिरेयच्या फोनआधी मोजायला हवा होता.

बुधवार, २८

जिलचा फोन. माझा मुलगा फोनवर कामापुरतं बोलतो, बापासारखा. "आई, दहा तारखेला बैठक. तुझा दाणा लागेल."

म्हटलं, दरवर्षी लागतो, यंदा काय नवीन?

"नाही, सांगून ठेवलं."

नवीन आहे. मिरेयनं सांगितलं मला. खाली बसगाड्यांच्या गॅरेजात मेकॅनिकची जागा आहे, जिलला बोलावलंय. छपराखालचं काम, हात गरम राहतात. मार्च संपायच्या आत हो-नाही कळवायचंय. पण हिवाळाभर तार त्याच्या गळ्यात. गावात सगळे तारच म्हणतात — टेकडीवर स्कीवाल्यांसाठी ती एकच लिफ्ट, दोन पायांत थाळी धरायची आणि तारेनं वर ओढून न्यायचं. तार सांभाळायची तर गॅरेज नाही. गॅरेज धरायचं तर तार बंद.

आणि बंद कशी होणार? सदुसष्ट साली अकरा घरांनी मिळून ती उभी केली, तेव्हाच ठरलं — सगळ्यांना हवी तोवरच चालवायची. दर मार्चमध्ये प्रत्येकानं दुधाच्या कॅनमध्ये घेवड्याचा एक दाणा टाकायचा. पांढरा — चालू. काळा — बंद. एक जरी काळा निघाला तरी बंद. कोणी टाकला, का टाकला, विचारायचं नाही. आमच्यातल्या निम्म्यांना धड लिहिता येत नव्हतं, मलाही नव्हतं, म्हणून दाणे. अकरातले चार उरलो. जिल, तिकिटाच्या खिडकीतला आंब्रोआझ, वरच्या स्वयंपाकघरातली रेमोंद, आणि माझ्या नवऱ्याच्या, लुसियेनच्या, जागी मी. इतक्या वर्षांत काळा कधी निघाला नाही. माझा हात आपसूक पांढऱ्याकडे जातो, मीठ घ्यायला जातो तसा.

शनिवार, २ मार्च

गेलो. आलो. सगळं लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

खाली पाऊस. वर पोचेपर्यंत धुकं. मिरेय गाडी चालवताना भाषण देत होती — आई, चिखलात चालू नकोस, आई, आंब्रोआझला बोलू नकोस. सोलेन मागे बसली होती, उसन्या आणलेल्या स्की दोन्ही सीटांमधून पुढे आलेल्या, एक सारखी माझ्या कानाला लागत होती.

नऊ गाड्या. एकेकाळी रस्त्यावर खालच्या वळणापर्यंत रांग असायची. गवतावरून बर्फाची एक पट्टी खाली आलेली, टेबलावर घालायच्या कापडाएवढी रुंद. मध्ये मध्ये भोकं. तीन वर्षांनी वर गेले मी. बैठक खाली रेमोंदच्या घरी होते, त्यामुळे वर कशाला जाईन!

आंब्रोआझनं खिडकीतून डोकं काढलं. "युगेत! तू अजून आहेस?"

"तुझ्या आधी जायची नाही. घाबरू नकोस."

"तार आज अर्ध्यापर्यंतच. वर नुसती माती."

"मग अर्ध्या माणसांनाच बोलवायचं होतंस."

हसला, खोकला, पुन्हा हसला. मग मिरेय पोरीला बूट घालत होती तेवढ्यात मला जवळ बोलावलं. "खरं सांगू? माझ्यावर असतं ना, तर दोन वर्षांपूर्वीच काळा टाकला असता. गुडघे राहिले नाहीत गं. पण तुझ्या जिलचं तोंड डोळ्यासमोर येतं. त्याचा जीव आहे या तारेत."

 

रेमोंदच्या स्वयंपाकघरात गेले. कांदा, डुकराची चरबी, बटाटे — सकाळपासून मंद आचेवर. वास तोच. बाई तेवढी निम्मी झालीय. मला बसवलं, पिवळ्या आलुबुखाराच्या घरच्या दारूचा थेंब कॉफीत टाकला, न विचारता. मिरेयचीच शिकवण दिसते.

"दमलीस का गं?" मी विचारलं.

"दमले? अगं बाई, संपले! नऊ जण बटाटे खातात आणि अठरा जणांचे फेकते. पण तुझ्यासाठी ओढते हो. लुसियेनची आठवण आहे ही. तुझं मन कसं मोडायचं?"

"माझं मन?" मी म्हटलं. "लग्न झाल्यावर सात वर्षं दर रविवारी लुसियेननं मला ह्याच चिखलात उभं केलं. मन तेव्हाच मोडलंय. मला ही तार कधी आवडली नाही, रेमोंद."

तिनं डाव पातेल्यात टेकवला. मग म्हणाली, "काहीतरीच बोलतेस. दुःखात असं होतं." सहा वर्षं झाली लुसियेनला जाऊन! दुःख काय, मोतीबिंदू आहे मला. तोही एकाच डोळ्याला.

बाहेर सोलेन. तारेवर चढली, थाळी निसटली, गवतावर बसूनच दहा हात ओढली गेली, सोडेना! मिरेय किंचाळली. पोरगी उठली, मागचं सगळं चिखलानं माखलेलं, आणि तोंडभर हसू. "आजी, तीनदा वर गेले!"

"चौथ्यांदा चालत जा. उपटलेल्या गाजरासारखी दिसतेस."

पुन्हा गेली. उतरताना खाली दगडावर स्की घासल्याचा आवाज मी उभी होते तिथवर आला. तरी ओरडत आली, हात वर करून. लिहायला हवं — पोर खूश होती. तिच्यासारखीच आणखी आठ-दहा. बर्फ किती आहे ते पोरांना दिसत नाही, आहे तेवढाच दिसतो.

"जिलमामा कुठाय?" मी तिला विचारलं.

"बर्फ आणायला गेलाय."

जंगलातून, म्हणे. सावलीत अजून आहे. मी काठी घेतली आणि गेले. मिरेय मागून — "आई, चिखल!" ऐकू आलं नाही म्हणून सांगितलं नंतर.

झाडांच्या कडेला उभी राहिले आणि वरून आवाज आला. तो आवाज मी एकोणसत्तर वर्षांत ऐकला नव्हता, आणि ओळखायला एक क्षण लागला नाही. श्लित. जंगलातून लाकूड उतरवायची ती मोठी घसरगाडी, पुढे दोन शिंगं. माणूस पुढे उभा राहतो, शिंगं धरतो, आणि सगळं वजन पाठीवर अडवत अडवत खाली येतो. ब्रेक म्हणजे माणूस. माझे बाबा असेच उतरायचे. मी नऊ वर्षांची होते. ओल्या दिवशी टाच निसटली. त्यांना त्याच गाडीवरून घरी आणलं. शाळा तिथे संपली माझी, धाकट्यांना कोण बघणार.

आणि समोरून जिल. एक्कावन्न वर्षांचा. मागे लाकूड नाही, ओला बर्फ भरलेला, लाकडाहून जड. टाचा रोवत येत होता. माझ्यापासून वीस पावलांवर त्याची टाच निसटली. गाडी त्याच्या अंगावर आली. हातभर गेली, दोन हात गेली — मग झाडाच्या मुळाला पाय लागला आणि थांबली. तो हसला! मला बघून हसला.

"आई! इथे काय करतेस?"

"ही कुठून काढलीस?"

"रेमोंदच्या गोठ्यात होती. ट्रॅक्टर रुततो, ही नाही रुतत."

"कितवी फेरी?"

"अकरावी."

"कशाला?"

"खालचं वळण उघडं पडलंय. पोरं दगडावर आपटतील."

"मग पोरांना घरी पाठव!"

घाम पुसला त्यानं.  "आई, आंब्रोआझकडे बघ ना. खिडकीत बसायला मिळालं नाही तर दिवसभर भिंतीकडे बघेल. आणि रेमोंद? कोणासाठी शिजवेल? आणि तू—"

"मी काय?"

"बाबांचं काम आहे. तुझ्यासमोर मी कसं बंद करू?"

आजोबा कसे गेले ते त्याला माहीत आहे. लहानपणी सांगितलंय. म्हटलं, आठवतं का? म्हणाला, "आठवतं. म्हणून तर हळू येतो."

हळू!

बाराव्या फेरीला परत वर गेला. मी तिथेच उभी राहिले, तो खाली येईपर्यंत. मग तेराव्याला. मग मिरेय येऊन मला दंडाला धरून घेऊन गेली, बटाटे खायला. खाल्ले. चांगले होते. आंब्रोआझ जिलसाठी, रेमोंद माझ्यासाठी, जिल आम्हा तिघांसाठी. सगळे एकमेकांसाठी. आणि गाडीपुढे पाठ मात्र एकाचीच.

रविवार, ३

पाय सुजलेत. मिरेयला सांगितलं नाही. रक्तदाब मोजला नाही.

मंगळवार, ५

मिरेयला फोनवर विचारलं, तार बंद झाली तर?

"आई! असं बोलूही नकोस. जिल कोसळेल."

कोसळेल, कोसळेल! कोसळताना बघितलाय मी शनिवारी. दोन हात.

टेबलावर दोन दाणे ठेवले. सकाळपासून तिथेच आहेत. लुसियेन काय म्हणाला असता? लुसियेन काही म्हणणार नाही, त्याला आता पाठ दुखत नाही. काळा टाकला आणि पोरगा खरंच खचला तर? गॅरेजातून परत येऊन भिंतीकडे बघत बसला तर? माझ्या पोटी आलाय, पण त्याच्या मनातलं मला वाचता येत नाही. वाचन माझं आधीच कच्चं.

गुरुवार, ७

सोलेनचा फोन. "आजी, पुढच्या वर्षी मी अगदी वरपर्यंत जाणार हं. तार असेल ना?"

म्हटलं, शेंबूड पूस.

"फोनवर कसा दिसला तुला?"

ऐकू आला, म्हटलं. आणि ठेवला.  वाईट बाई आहे मी.

शनिवार, ९

पाऊस. तार चालली नाही. जिल तरी वर गेला होता, उरलेला बर्फ वितळू नये म्हणून पट्टीवर पेंढा टाकायला. पेंढा!

रविवार, १०

रेमोंदच्या घरी, दुपारच्या जेवणानंतर. जिलनंच मला गाडीतून नेलं.  ब्लूबेरीचा टार्ट. आंब्रोआझनं कोट घातला होता, मयताला घालतो तो.

प्रत्येकाला एक पांढरा, एक काळा. मूठ बंद करून कॅनमध्ये हात घालायचा, उरलेला दाणा तशाच मुठीतून चुलीत टाकायचा. आंब्रोआझ गेला. रेमोंद गेली, क्रूसाची खूण करून. जिल गेला. मग मी. कॅन थंड होता. लुसियेन त्यातून दूध आणायचा. माझा हात पांढऱ्याकडे गेला नाही. एवढंच लिहिते.

रेमोंदनं कॅन ताटात उपडा केला.

दोन पांढरे. दोन काळे.

मी एकच टाकला होता.

 आंब्रोआझ "अरे देवा" म्हणाला, पण हळूच खुर्चीत मागे टेकला, बूट सैल केल्यासारखा. रेमोंद रडली आणि रडता रडता म्हणाली की आता त्या पातेल्याचं काय करू. मग न विचारायची गोष्ट विचारलीच — "कोण ते? दोघं कोण?" आंब्रोआझनं तिला गप्प केलं. जिल ताटाकडे बघत होता. मग उठला आणि सगळ्यांना टार्ट वाढला. माझा तुकडा सगळ्यात मोठा.

सोमवार, ११

काल परतीच्या वाटेतलं लिहायचं राहिलं. बरंच अंतर गेल्यावर जिल म्हणाला — "आई, दुसरा कोणाचा असेल गं?"

दुसरा! म्हणजे पहिला कोणाचा ते त्याला पक्कं ठाऊक — त्याचाच.

मी म्हटलं, रस्त्याकडे बघ. त्यानं बघितलं. मग शीळ घालायला लागला. बाप गेल्यापासून ऐकली नव्हती.

आता गाव विचारणार, आणि सोलेनही. सगळ्यांना माझ्या दाराशी पाठवायचं. काळे दाणे युगेतनं टाकले, दोन्ही. पोराच्या हातातला हिसकावून टाकला म्हणावं, म्हातारी तशीच आहे. उत्तर मी देणार. जिलनं तोंड उघडायचं नाही.

रक्तदाब एकशेतीस.