चौदा नंबरचा ठिपका

३ फेब्रुवारी, रविवार
तक्ता लागला! जिन्याखालच्या मीटरांचे आकडे आता दर रविवारी मीच घेणार. वीज कमी – हिरवा ठिपका, जास्त – लाल. वीजबचतीत गल्लीत आपली इमारत पहिली आली पाहिजे. बायको म्हणाली, "निवृत्त झालात, पण हजेरी घ्यायची खोड काही जात नाही."

१० फेब्रुवारी
चौदा नंबर लाल. घरात माणसं दोनच, घड्याळवाले काका आणि काकू – आणि युनिटं पाच जणांची. तक्त्यापाशी मी म्हणालो, "काका घड्याळांना शेक देतात की काय?" सगळे हसले.

१२ फेब्रुवारी
काकू जिन्यात भेटल्या. ठिपक्याबद्दल काहीतरी सांगत होत्या. मी घाईत होतो. नियम सगळ्यांना सारखा, एवढं म्हटलं.

१७ फेब्रुवारी
चौदा पुन्हा लाल.

२४ फेब्रुवारी
चौदा हिरवा! युनिटं थेट निम्म्यावर. शिस्त लावली की लागते. उद्या घरी जाऊन शाबासकी देतो.

२५ फेब्रुवारी
कशाला गेलो.

काका खिडकीशी बसले होते. दोन शब्द बोलले की थांबत होते. ओठ निळसर. कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन, वर चादर टाकलेली. डॉक्टरांनी दिवसरात्र लावायला सांगितलंय. "दिवसा बंद ठेवतो," काका म्हणाले. "आमच्यामुळे... इमारतीची मान... खाली नको." वर काकूंना म्हणाले, सरांना चहा टाक.

चादर काढून मशीन मीच सुरू केलं. शाबासकीचा कागद खिशातच राहिला.

२७ फेब्रुवारी
काकांना काल दुपारी दवाखान्यात हलवलं. अजून धोका आहे. तक्ता मी फाडून टाकला. शेजारी समजूत घालतात – "तुम्हाला काय स्वप्न पडलं होतं का?" मी मान हलवतो.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. काकांची मुलगी आली होती. तिने विचारलं, "सर, बाबांचं मशीन तुम्हाला माहीत नव्हतं?" मी तोंड उघडायच्या आत काकूच म्हणाल्या, "त्यांना कुठून माहीत असणार? आम्हीच बोललो नाही." माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी ते तसंच राहू दिलं.

१ मार्च
बारा तारखेला लिहिलंय ते खोटं आहे. मी घाईत नव्हतो. काकूंनी मशीनचं सगळं सांगितलं होतं, जिन्यात, हात जोडून. मी म्हणालो होतो, "काकू, कारणं काय, प्रत्येकाकडे असतात."